समोरची नळी

नळी पिवळी निघाली. तिला वाटलं होतं, रक्त लाल गेलं तर लालच परत येईल, फार तर जरा घट्ट होऊन. पण मशीनवाल्या मुलीनं नळी उजेडात धरली तेव्हा तळाशी काळपट लाल साचलं होतं, वर तेलासारखं पिवळं उभं होतं, आणि दोघांच्या मध्ये सायीसारखा एक पातळ पदर होता. जन्मभर एका अंगात नांदलेल्या गोष्टी जरा गरगर फिरवल्या की अशा आपापल्या जागी जाऊन बसतात, याचं तिला उगीच वाईट वाटलं. पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच. मशीनचं झाकण लावताना तिनं पाहिलं होतं, तिच्या नळीच्या बरोबर समोरच्या खाचेत आणखी एक नळी होती. तिनं विचारलं, "समोर कुणाचं होतं?" मुलीला आधी कळलं नाही. मग ती म्हणाली, "ते कुणाचं नाही, आजी. पाणी आहे नुसतं. एकटी नळी फिरवली तर मशीन थडथडतं. म्हणून समोर तेवढ्याच वजनाचं पाणी ठेवायचं."

तिनं मान डोलावली, जणू हे तिला माहीतच होतं. एका अर्थी होतंही. याच इस्पितळाच्या धुलाईघरात तिची उमर गेली होती, आणि तिथलं पिळायचं मशीन एका अंगाला जास्त भरलं की जमिनीवरून चालायला लागायचं, दोघी-तिघींनी मिठी मारून धरावं लागायचं. तोलाचं तिला कुणी सांगायला नको होतं. तरी बाहेर बाकावर बसून ती इतका वेळ त्या समोरच्या बाईला शोधत होती. रक्त दिल्यावर तिला तिथं बसवलं होतं. आजूबाजूला सगळ्या तरण्या मुली, कुणाचा नवरा शेजारी, कुणाची आई, कुणी एकटीच मोबाइलवर बोट फिरवत. त्यांच्यातल्या काही मूल राहावं म्हणून आल्या होत्या. त्यांच्या गर्भपिशवीचं आतलं अस्तर पातळ पडतं म्हणे, तिथंही हेच पिवळं सोडतात, त्यांचंच त्यांना. तेव्हा ती एकेकीच्या कोपराकडे बघत होती, कापसाचा बोळा कुणाला लावलाय. जिला लावलाय तिचं आणि आपलं आत्ता समोरासमोर फिरतंय, एकमेकींना धरून. हे मनात आलं तेव्हा किती दिवसांनी तिला बरं वाटलं होतं. आणि ते पाणी निघालं.

बाकावर शेजारी बसलेल्या मुलीनं मधेच तिला विचारलं होतं, "सुनेला घेऊन आलात का?" तिच्या तोंडून हो निघून गेलं. इथं या वयात आपण कशाला येऊ, असंच कुणालाही वाटणार, आणि दुसऱ्याचं वाटणं मोडायला तोंड उघडावं लागतं. मुलगी बोलकी होती. केस वर बांधलेले, पायात वेगवेगळ्या रंगांचे मोजे, ते तिनं मुद्दाम घातले होते की घाईत, कळत नव्हतं. तिनं सूनबाई कुठं म्हणून विचारलं, तर हिनं सांगितलं, बाथरूमला गेलीय. मग ती सून काही केल्या परत येईना. मुलगी दर थोड्या वेळानं बाथरूमच्या दाराकडे बघायची, मग हिच्याकडे, आणि शेवटी काळजीनं म्हणाली की आत जाऊन बघू का, चक्कर तर नाही ना आली. तेवढ्यात आतून हिलाच हाक आली आणि ती उठून गेली. पाठीमागे त्या मुलीचा चेहरा कसा झाला असेल ते तिनं पाहिलं नाही. न बघता निघून जाणं तिला चांगलं येत होतं.

आता ती टेबलावर पडली होती. बधिर करायचा मलम लावून डॉक्टरीणबाई जरा बाहेर गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या, पण बोलायच्या ते सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुमचंच रक्त, त्यातला जखम भरून आणणारा भाग वेगळा काढायचा आणि जिथं सैल पडलंय तिथं सुईनं सोडायचा. काहींना फरक पडतो, काहींना नाही. हे अजून नवीन आहे, मी शब्द देणार नाही." शब्द देणार नाही म्हणाल्या म्हणूनच ती तयार झाली. धुलाईघरात कुठल्याही डागाचा कुणी शब्द द्यायचा नाही. रक्ताचा डाग असेल तर आधी थंड पाणी, गरम पाण्यात टाकला की तो कापडाचाच होऊन बसतो. थंड पाण्यात भिजवायचं, चोळायचं, आणि मग बघायचं. निघाला तर निघाला.

तिच्या खाली चादर होती. पडल्या पडल्या तिनं बोटानं काठ चाचपला. आता घड्या मशीन घालतं, हे तिला ठाऊक होतं. काठ एकावर एक अगदी नेमके, सुरीसारखे. हाताच्या घडीत कुठंतरी केसभर इकडं तिकडं असतंच, दोन माणसं कधी एका उंचीची नसतात. तिच्याबरोबर घड्या घालणारी कात्री तिच्यापेक्षा टीचभर बुटकी होती, म्हणून त्यांच्या चादरींचा एक कोपरा कायम किंचित खाली उतरायचा. कपाटातला ढीग पाहून तिला सांगता यायचं, ही आपली, ही दुसऱ्यांची.

कात्री म्हणजे समोरची. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, म्हणून धुलाईघरात प्रत्येक बाईला एक समोरची असे. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, एकदम झटका द्यायचा, म्हणजे चादर हवेत ताणून सपकन वाजते आणि सुरकुत्या पळतात. मग चालत एकमेकींकडे जायचं, आपले कोपरे तिच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची, परत मागे. दिवसभर एकमेकींकडे चालत जायचं आणि मागे यायचं. कात्रीला कात्री म्हणायचे ते तिच्या जिभेमुळे. तिला स्वतःला भोंगा म्हणायचे, कारण तिचं हसू आधी आत कुठंतरी घुमायला लागायचं, मग वर चढायचं, आणि एकदा सुटलं की पलीकडच्या इमारतीतल्या रोग्यांना वाटायचं पाळी बदलली. कात्री तोंड सुतकी ठेवून काहीतरी बोलायची आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला भोंगा वाजायचा. धुलाईघराचं सगळं काम त्या आवाजावर चालत होतं, असं तिला अजून वाटायचं.

आणि मग तो आवाज तिनं बंद केला. एका दिवसात नाही. आधी खोकताना, मग ओझं उचलताना, मग शिंकताना. प्रत्येक वेळी एवढंसंच, आणि प्रत्येक वेळी वाटायचं हे शेवटचं. बाईच्या अंगाचं बाई कुणाला सांगत नाही, सांगितलं तर दुसरी म्हणते चालायचंच, आणि चालायचंच म्हटल्यावर पुढं काय बोलायचं. ती जाडसर कापड ठेवू लागली, पाणी कमी प्यायला लागली, हसू ओठांत दाबायला शिकली. एके दिवशी नवा साहेब घडीची नवी पद्धत शिकवायला आला होता. चादर हनुवटीखाली धरून दोन्ही हात पसरून तो मागं सरकत होता, आणि तिच्याच काठावर त्याचा पाय पडून तो टेबलाशी दुमडून बसला. कात्री समोरून अगदी आदबीनं म्हणाली, "साहेब, घडी छान पडलीय. इस्त्री मारू का?" तिच्या आत घुमायला लागलं. तिनं दात आवळले, मांड्या आवळल्या, बोटं चादरीत रुतवली, पण ते वर चढलं आणि सुटलं, आणि त्याच्याबरोबर खालीही सगळं सुटलं. एवढंसं नाही, सगळं. तिला चपलेत ऊब जाणवली. बाकीच्या साहेबाला उठवत होत्या. तिनं कोपरे टाकले आणि दाराबाहेर चालत गेली. शेवटचं दिसलं ते एवढंच की कात्री हसता हसता थांबलीय, तिच्या हातात तिचे दोन कोपरे तसेच आहेत आणि अर्धी चादर जमिनीवर पडत चाललीय.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गुडघे पुढं केले. गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. तिला कोठीत बसायचं काम मिळालं, पुढं तिथूनच ती निवृत्त झाली. गुडघ्यांनी आयुष्यभर तिची चाकरी केली होती, शेवटी बदनामीही त्यांनीच सोसली. लग्नाला जायचं नाही, गुडघे. बसचा लांबचा प्रवास नको, गुडघे. नवरा होता तेव्हा वेगळी खाट टाकली, त्यालाही गुडघेच सांगितले. तो बिचारा रात्री उठून तिच्या गुडघ्यांना तेल चोळायचा, आणि ती ठणठणीत गुडघे त्याच्या हातात देऊन छताकडे बघत पडायची. तो गेला, तोवर त्याला खरं कळलं नव्हतं. मुलगा दुसऱ्या शहरात आहे, तो पट्टे पाठवतो, मलमं पाठवतो, गुडघ्यांच्या व्यायामाची चित्रं पाठवतो. कपाटाचा एक कप्पा त्यानं भरलाय. फोनवर तो विचारतो, गुडघे कसे आहेत, आणि ती सांगते, चाललंय. कधी कधी तिला वाटतं, मुलाचं बोलणं आपल्याशी नाही, आपल्या गुडघ्यांशीच चालतं. तिनंच तसं लावून दिलंय.

कात्री एकदाच घरी आली होती, त्या दिवसानंतर आठवड्याभरानं. दार उघडलं तर ती बाहेर उभी, काखेत एक पिशवी. आत दोरीवर धुतलेली कापडं वाळत होती, खोलीला तो वास होता. तिनं दार अर्धंच धरलं. काय बोलणं झालं ते तिला नीट आठवत नाही, आपण गुडघे म्हणालो एवढं आठवतं. कात्री तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिली होती. मग म्हणाली, "घरात नाही घेणार?" तिनं दार तसंच अर्धं धरून ठेवलं. कात्रीनं पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली आणि जिना उतरून गेली. धुलाईघरात मग बोलवा झाली की भोंगा कोठीत बसून साहेबीण झाली. बाजारात कात्री दिसली तर ती रस्ता बदलायची. एकदा दोघी एकाच दुकानाच्या दोन दारांतून आत शिरल्या आणि एकदमच बाहेर पडल्या. चादरीच्या घड्या घालायची सवय, पावलं अजून बरोबर पडत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. सुई टोचली तेव्हा मलमाखालूनही ती कळली, पण दुखण्यापेक्षा काहीतरी भरल्यासारखं वाटलं. माझंच मला परत, ती मनात म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढला आणि जाता जाता तिच्या पोटरीवर हात ठेवला, उठा हळूहळू म्हणून. तेवढ्यानं तिचे डोळे भरले. किती दिवसांत आपल्याला कुणी कारणाशिवाय हात लावला नव्हता, तिनं आठवून पाहिलं. आणि हाही कारणानंच होता.

घरी येऊन तिनं चादर धुतली. वाळल्यावर घडी घालताना तिनं नेहमीसारखं केलं. दोन कोपरे दाराच्या फटीत घालून दार ओढून घेतलं, कडी लावली, आणि दुसरे दोन धरून मागं सरकली. एकटं राहायला लागल्यापासून तिची ही रीत होती. दार चांगलं धरतं. पण झटका दिला तर दार झटका परत देत नाही, आणि पुढं चालत गेलं तर हातात कोपरे देत नाही, आपणच फटीतून ओढून काढायचे. आज ती तशीच ताणून उभी राहिली. समोर तेवढ्याच वजनाचं पाणी, ती स्वतःशी म्हणाली. आणि मग तिला वाटलं, धुलाईघरात समोरची तरी काय, तोल राखायलाच होती ना. मग ती गेल्यावर आपण असे थडथडत का राहिलो.

दुसऱ्या खेपेची तारीख महिन्यानं होती. तोवर फरक होता की नव्हता, तिला ठरवता येईना. एका सकाळी खोकला आला आणि काही झालं नाही, ती दिवसभर घरात ताठ मानेनं फिरली. दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी उचलताना झालं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बघू. बाहेर बाकावर तीच मुलगी होती, वेगवेगळ्या मोज्यांची. तिला पाहून हिनं लांबची जागा धरली, तर मुलगी उठून शेजारी येऊन बसली. मग बाथरूमच्या दाराकडे बघत अगदी गंभीर तोंड करून तिनं विचारलं, "आजी, तुमची सून अजून आतच आहे का?"

तिच्या आत घुमलं. इतक्या वर्षांनी ते नेमकं त्याच जागी सुरू झालं, नाभीच्या खाली, आणि तिनं जुन्या सवयीनं सगळं आवळलं. ते दबलं, पण अर्धंच. नाकातून थोडा आवाज निघाला, आणि खालीही थोडं गेलंच. तिनं डोळे मिटले. उठून जावं असं वाटलं, पावलं तयारही झाली. पण मुलगी बघत होती, आणि तिच्या बघण्यात चौकशी नव्हती, ती नुसती हसायची वाट बघत होती. ती म्हणाली, "सून नाही मला. मीच आहे." मग तोंड उघडलंच आहे तर म्हणून पुढं म्हणाली, "हसलं की होतं मला. आत्ताही झालं." मुलीचं हसू थांबलं. हिला वाटलं, झालं, आता पोरीचं तोंड आंबणार. पण मुलीनं खांद्यावरची ओढणी काढून हिच्या मांडीवर टाकली आणि आपल्या दंडावरचा बोळा दाखवत म्हणाली, "मशीनवाली म्हणाली, आज आपल्या दोघींचं एकदम फिरवते. माझं मागच्या वेळी फुकट गेलं. आज तुमच्यासमोर आहे, बघू." दोघी काचेच्या दाराकडे बघत बसल्या. आतून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, न थडथडणारा.

त्या मुलीचं पुढं काय झालं ते तिला कधी कळलं नाही. ती आत असताना मुलगी निघून गेली, ओढणी हिच्याकडेच राहिली. पण इस्पितळातून बाहेर पडल्यावर ती घराच्या बसमध्ये चढलीच नाही. उलट्या बाजूच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. एका अनोळखी मुलीला जे सांगता आलं ते कात्रीला नाही, हे मनात आल्यावर तिला उभं राहवेना. बसमध्ये ती दांडा धरून सगळा रस्ता वाक्य जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात गुडघ्यांपासून होत होती.

कात्रीनंच दार उघडलं. ती आणखी बुटकी झाली होती, केस कापलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. तिनं आधी हिच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "काय म्हणतायत गुडघे?" ती म्हणाली. जीभ तीच होती. ही ठरवलेलं सगळं विसरली. ती दारातच म्हणाली, "गुडघ्यांना काही झालेलं नाही. त्या दिवशी साहेब पडला तेव्हा मला लघवी झाली होती. उभ्या उभ्या. म्हणून गेले."

कात्री तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? पुसलं कुणी?"

हिला कळेना. कात्री तशीच दार धरून बोलत राहिली, आवाज न चढवता, जसं काही कालचंच सांगतेय. की चादर तशीच त्या ओल्या फरशीवर टाकली, पायानं पुसलं, आणि बादली माझ्याकडून सांडली म्हणून सगळ्यांना सांगितलं. साहेबाची बोलणी खाल्ली. घरी जाऊन जुन्या मऊ चादरींचे तुकडे कापले, चौपदरी करून चारी बाजूंनी शिवले, आणि पिशवीत घालून तुझ्या दारात आले. तुझ्या तोंडून निघेल, मग देईन, असं ठरवलं होतं. आपण होऊन दिलं असतं तर तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. "तर तू मला गुडघे दाखवलेस," कात्री म्हणाली. "मला. दिवसभर तुझे कोपरे हातात घेणारीला."

तिला बसावंसं वाटलं, पण बसायला सांगितलेलं नव्हतं. तिनं विचारलं, त्या पिशवीचं मग काय केलं. कात्री म्हणाली, भांडी पुसायला काढले ते तुकडे, दोन अजून आहेत. पाणी फार चांगलं ओढतात. एवढं बोलून ती आत गेली. दार तिनं लावलंही नाही आणि हिला ये असंही म्हटलं नाही. दार सताड उघडं होतं आणि आतून काहीच आवाज येत नव्हता. हिनं हातातली ओढणी उगीच दुमडली, परत उलगडली. इतकी वर्षं तिनं एकटीनं एक गोष्ट लपवली, आणि ती लपलेलीच नव्हती. तिच्या समोर कुणीतरी तितकीच वर्षं तेवढंच वजन धरून उभं होतं, हातात दोन कोपरे घेऊन. आता ते परत कुठून आणायचं. ती जिन्याकडे वळलीसुद्धा.

"चप्पल काढून ये," आतून कात्री म्हणाली. "चादरी वाळल्यात. सून घालते त्या घड्या नसतात, बोचकी असतात."

मागच्या गच्चीवर दोरीला चार-पाच चादरी होत्या. कात्रीनं एक ओढली आणि न बघता दोन कोपरे तिच्याकडे फेकले. ते तिच्या हातात आले. दोघी मागं सरकल्या. कात्रीचे हात आता खांद्याच्या वर जात नव्हते, म्हणून हिनं आपले खाली घेतले. तरी एक कोपरा उतरलाच. ताणलेल्या चादरीच्या वर तिला कात्रीचे नुसते केस दिसत होते. ती पुढं चालत गेली, कोपरे दिले, वाकली, मागं आली. दुसऱ्या चादरीला कात्री पलीकडून म्हणाली, अगदी आदबीनं, "तुला कळलं का, तो साहेब त्यानंतर कधी एकटा घडीला उभा राहिला नाही. समोर टेबल ठेवायचा."

तिच्या आत घुमायला लागलं. तिनं दात आवळले, मांड्या आवळल्या, बोटं चादरीत रुतवली. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिलेला नव्हता. ते वर चढत होतं, गळ्याशी येऊन थांबत होतं, आणि चादर तिच्या हातात थरथरत होती.

"हस," कात्री म्हणाली. तिचा चेहरा दिसत नव्हता. "मध्ये चादर आहे."

आणि समोरून झटका आला.